खुणा जुळत नाहीत, पुन्हा विचारा

जून महिना मला आवडत नाही. लोकांना वाटतं उकाड्यामुळं. उकाडा काय, नगरला मार्चपासूनच जीव खातो, त्याचं मला काही वाटत नाही. मला नको असते ती एक तारीख, एक जून. त्या दिवशी सकाळपासून वाढदिवसांची रांग लागते, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपण त्या दिवशी जन्मलेलो नाही हे पक्कं ठाऊक असतं. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, वयाचा मेळ आपोआप बसतो. आमच्या जिल्ह्यातली दोन पिढ्यांची माणसं अशी एकाच दिवशी जन्मली आणि मेच्या शेवटच्या दिवशी एकदमच रिटायर झाली.

पूर्वी मी हे हसत सांगायची. आता नाही सांगत.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. सावेडीत एका कापडदुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. मालक, एक हिशेबनीस आणि आम्ही चार-पाच प्रोग्रॅमर. खाली लग्नाचे बस्ते फाडायचे, वर आम्ही कीबोर्ड बडवायचो. मी देवळाली प्रवऱ्याची, उसाच्या घरातली. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नगरला नोकरी धरली, म्हणून घरी सगळ्यांची तोंडं वाकडी. आम्ही ‘लायब्ररी’वर काम करतो असं एकदा वडिलांना सांगितलं, तर त्यांना वाटलं पोरगी वाचनालयात लागली. मग त्यांना समजावलं की एकानं लिहून ठेवलेला कोड दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घ्यायचा, त्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. ते म्हणाले, म्हणजे शेजारच्याचं औत आणायचं तसं. मी म्हटलं, हो, तसंच.

आमच्या ऑफिसात असं एक औत होतं आणि ते परक्या देशातून आलेलं नव्हतं. ते आमच्यातल्याच एकानं घडवलं होतं. वयानं आम्हा सगळ्यांत मोठे, म्हणून सगळे त्यांना दादा म्हणायचो. दादा केडगावला राहायचे, आईबरोबर. लग्न केलं नव्हतं. वडील लहानपणीच गेलेले. ते दुसऱ्यांच्या रानात सालगडी होते. त्यांचं घर छप्पन सालानंतर लगेच बौद्ध झालेलं. दादा शिष्यवृत्तीवर शिकले, पुण्यात नोकरी केली आणि आईची छाती भरायला लागली तशी ती सोडून नगरला आले. माणूस कमी बोलायचा, पण बोलला की समोरच्याची विकेट काढायचा. मला ते मॅडम म्हणायचे, तेही अशा सुरात की मला आपलं डिप्लोमाचं सर्टिफिकेट लपवावंसं वाटायचं.

त्यांच्या लायब्ररीचं नाव होतं ‘खूण’. काम एकच, ज्याला जन्मतारीख माहीत नाही त्याच्याकडून ती काढायची. ती प्रश्न विचारायची. सण कुठला जवळ होता? रानात काय उभं होतं? त्या साली काय घडलं, धरण फुटलं, भूकंप झाला, लढाई लागली, दुष्काळ पडला? प्रत्येक उत्तर म्हणजे एक खूण. प्रत्येक खुणेतून एक काळ निघायचा आणि ते काळ एकमेकांवर ठेवत ठेवत लायब्ररी कधी महिन्यापर्यंत, कधी थेट दिवसापर्यंत यायची. त्यासाठी दादांनी कितीतरी वर्षांची पंचांगं हातानं टाइप केली होती. बौद्ध माणूस पंचांग घेऊन बसलाय म्हणून ऑफिसात त्यांची चेष्टा व्हायची. ते म्हणायचे, मी मानत नाही, पण लोकांची आठवण त्यातच ठेवलेली आहे, ती मी कुठून काढू?

आणि त्या लायब्ररीत एक नियम होता, जो जगातल्या दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीत नसणार. एक जून ही तारीख आली की ती खरी धरायची नाही. ‘माहीत नाही’ असं समजायचं आणि प्रश्न सुरू करायचे. दादांची स्वतःची तारीख अर्थातच एक जून होती. त्या दिवशी कुणी शुभेच्छा दिल्या की त्यांचं डोकं फिरायचं. माझा जन्म सरकारी आहे, त्याचा चहा सरकारकडून घ्या, म्हणायचे.

मला मात्र जन्मवेळ मिनिटासकट ठाऊक होती. मी झाले तेव्हा गुरुजी घरी येऊन पत्रिका मांडून गेले होते. आमच्या उसात राबणाऱ्या बायकांच्या पोरांना कुणी पत्रिका मांडली नाही, आणि शाळेत मास्तरांनी त्यांना विचारलंही नाही. हे मला दादांबरोबर काम करेपर्यंत कधी दिसलंच नव्हतं. दिसल्यावर मला फार ओशाळल्यासारखं झालं.

असो. काम आलं एका इस्पितळाचं. इस्पितळ नगरात, आणि त्याची छोटी केंद्रं पारनेर, राहुरीच्या खेड्यांत. केंद्रावरच्या नर्सनं ब्राउझरमध्ये रुग्णाची माहिती भरायची, ती टेलिफोनच्या तारेवरून नगरच्या कॉम्प्युटरवर यायची. त्या काळात हे म्हणजे चंद्रावर जाण्यातलंच होतं. मोडेम केकाटायचा, लाइन तुटायची, वीज जायची, आणि मराठी अक्षरं दिसायची ती प्रत्येक मशीनवर आधी फॉण्ट टाकला असेल तरच. मालक हवेत होते. ते पुण्याहून एका शिबिरातून परदेशी लायब्ररी घेऊन आले होते, तारखांची, फुकटातली. दोन हजार साल येतंय, लीप वर्षं, शतकं, सगळं तिला समजतं म्हणाले. दादांनी ‘खूण’चं नाव काढलं तर मालकांनी हात झटकले. तारखेला रकाना लागतो, गप्पांचा पार नाही लागत, असं त्यांचं म्हणणं.

पारनेरकडच्या एका केंद्रात परदेशी लायब्ररी लावून पाहिली. तारीख भरल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. नर्स बिचारी काय करणार, समोर म्हातारीकोतारी माणसं रांगेत खोकताहेत. आठवड्यानं पाहिलं तर केंद्रातले सगळे रुग्ण एक जानेवारीला जन्मलेले, कारण यादीत तीच सगळ्यांत वर होती. इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरीणबाई ते बघून मालकांना एवढंच म्हणाल्या की औषधाचा डोस मी या वयावर ठरवू का? मालकांचं तोंड एवढंसं झालं. ‘खूण’ आत आली.

दादांना झालेला आनंद त्यांनी दाखवला नाही. पण त्या दिवशी ते दोनदा चहा प्यायले आणि मला पहिल्यांदा साध्या आवाजात मॅडम म्हणाले.

जोडणीचं काम माझ्याकडं आलं. लायब्ररी सी भाषेत लिहिलेली, तिला वेबच्या पानाशी बोलायला लावायचं. ही लायब्ररीबाई एका दमात प्रश्न विचारायची आणि वेबला तर मागचं काही आठवत नाही. एक पान गेलं की आधीचं उत्तर गेलं. प्रत्येक पानाबरोबर आधीची उत्तरं पदराला बांधून पुढं न्यावी लागायची. डोक्याला नुसता ताप. पण ते करता करता तिच्या पोटात काय काय आहे ते मला कळत गेलं. तिला तीन खुणा लागायच्या. दोन जन्माच्या वेळच्या आणि तिसरी नंतरची, म्हणजे अमुक गोष्ट घडली तेव्हा मूल केवढं होतं. मी विचारलं, तिसरी कशाला, दोनात भागतं की. दादा म्हणाले, जन्माची गोष्ट माणूस पाठ झाल्यासारखी सांगतो, त्यात चूक पचून जाते. नंतरची गोष्ट तो बेसावध सांगतो. तिसरी खूण जुळली नाही तर पडद्यावर ओळ यायची: खुणा जुळत नाहीत, पुन्हा विचारा.

तपासायला खरं माणूस हवं होतं, स्वतःच्या तोंडानं बाळंतपण सांगणारं. दादा म्हणाले, आईला आणतो. सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, पण मला कळलं. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार काळ धरू नका. आई गेली की ते कधी जन्मले हे सांगणारं जगात कुणीच उरणार नव्हतं. इतकी वर्षं लोकांसाठी म्हणून लिहीत आणलेली ती लायब्ररी मुळात कुणासाठी होती, हे मला त्या दिवशी समजलं. एवढ्या वर्षांत साधं तोंडानं का विचारलं नाही, हे मी नंतर कधीतरी विचारलं होतं. विचारलं की ती उठून जाते, म्हणाले. मशीनपुढं बसवली, चारचौघांत, तर जाणार नाही, असा त्यांचा हिशेब.

रविवारी दुपारी ते तिला रिक्षातून घेऊन आले. बारीक, काळीसावळी, धाप लागलेली. मी तिला मावशी म्हटलं. तिनं मॉनिटरकडं ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, इचार काय इचारायचं ते, मला उन्हं उतरायच्या आत घरी जायचंय.

दादांनी स्वतः विचारायचं टाळलं. ते खिडकीशी उभे राहिले आणि मी पडद्यावरचे प्रश्न वाचायला लागले. पोर झालं तेव्हा काय होतं? ती पहिल्यांदा उठायला निघाली. मग परत बसली. आणि बोलायला लागली ती अशी की मला टाइप करायला उसंत मिळेना. पुण्याकडं पानशेत फुटल्याची बातमी आली तेव्हा तिला सातवा होता. सगळे म्हणत होते, पाणी नगरपर्यंत येतंय. आणि पोर झालं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कोंबडा आरवायच्या सुमाराला. घरात सण सोडलेले होते, पण शेतमालकाचे बैल तर रंगवावेच लागायचे. बापाच्या हाताला शिंगांचा रंग तसाच होता, लाल. त्या हातांनी त्यानं पोर उचललं आणि पोराच्या दुपट्यावर पाच बोटं उमटली. ते दुपटं तिनं धुतलंच नाही. बाजरी निसवली होती, घरामागं कारल्याचा वेल होता, सुईणीनं पहिल्यांदा कोमट पाणी मागितलं, मग गूळ मागितला. सगळं.

पडद्यावर तारीख आली. एकसष्ट सालच्या सप्टेंबरातली. शाळेच्या दाखल्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षं आधीची. तिसरा प्रश्न यायचा होता, तेवढ्यात वीज गेली. त्या वर्षी ती कधीही जायची, रविवारसुद्धा सोडत नव्हती. तारीख तेवढी जपली गेली होती, ‘तात्पुरती’ म्हणून. दादा जिन्यावर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. आईला म्हणाले, चल, उन्हं उतरतील. ती मुकाट उठली.

तिसरी खूण घ्यायची राहिली आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दादा म्हणाले, घेऊ निवांत. पण पुढं तिची धाप वाढली आणि तिला ऑफिसात आणणं जमेना.

सप्टेंबरात ती तारीख आली त्या दिवशी ते नवा शर्ट घालून ऑफिसात आले. पेढे आणले होते. हिशेबनिसानं विचारलं, काय विशेष, तर म्हणाले, माझा वाढदिवस आहे. एवढ्या साध्या तीन शब्दांना माणूस किती आसुसलेला असतो! संध्याकाळी मला घरी जेवायला घेऊन गेले. मावशी भिंतीला टेकून बसली होती. दादांनी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि सांगितलं की आई, आज मी झालो. तिनं त्यांच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. पेढा खाल्ला नाही. पदराच्या टोकात घातला, गाठ मारली आणि पदर पुन्हा कमरेला खोचला. मला वाटलं, गोड चालत नसेल. जेवण चांगलं झालं होतं, दादा खूप बोलले.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी सगळं बघायला मागितलं. नमुन्याच्या नोंदी पूर्ण हव्या होत्या, एकही ‘तात्पुरती’ नको. दादा पारनेरकडं मोडेम बसवत होते. त्यांनी फोनवर सांगितलं की तेवढा आईचा तिसरा प्रश्न घरी जाऊन विचारून घ्या. मी केडगावला गेले. मावशी आता अंथरुणालाच होती. उशा लावून अर्धवट बसवलेली, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. मी तिला चहा करून दिला आणि लायब्ररीचा प्रश्न विचारला: चौसष्टच्या उन्हाळ्यात पंतप्रधान वारल्याची बातमी आली, तेव्हा पोर केवढं होतं?

तिनं लगेच सांगितलं. पाळण्यात. अंगावर पीत होता. मालकाच्या वाड्यावरचा रेडिओ ऐकायला सगळे गेले, ती गेली नाही, पोर सोडून कुठं जायचीच नाही ती तेव्हा.

ऑफिसात येऊन मी ते टाकलं. लायब्ररीनं ओळ दाखवली: खुणा जुळत नाहीत, पुन्हा विचारा.

एकसष्टच्या पोळ्याला झालेलं पोर चौसष्टच्या उन्हाळ्यात पाळण्यात कसं असेल? ते तोवर अंगणभर पळत असायला हवं. मी माझी जोडणी तपासली, चूक मिळेना. दादा आल्यावर त्यांना दाखवलं तर ते हसले. आईचा घोळ झालाय म्हणाले, आजारपणात होतं असं. पण हसता हसता त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. ती त्यांनीच लिहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं केडगावला गेलो.

दादा तिच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांनी विचारलं की आई, तू म्हणालीस मी पोळ्याचा, आणि काल मॅडमना म्हणालीस मी तेव्हा पाळण्यात होतो. यातलं खरं कुठलं?

“दोनी खरं हाय,” ती म्हणाली.

दादांना कळेना. मला मात्र अंदाज आला. मी उठून बाहेर जायला लागले तर तिनं हातानं मला बस म्हणून खुणावलं. मग थांबत थांबत, मधे मधे श्वास घेत तिनं सांगितलं. पोळ्याचा तो दादांच्या आधीचा. वर्षाचाही झाला नव्हता. ताप आला आणि दोन दिवसांत गेला. बापानं बांधाला पुरला, त्याच दुपट्यात, लाल बोटांच्या. त्यानंतर त्याचं नाव घरात कुणी घेतलं नाही. गेलेलं पोर मोजायचं नाही, मोजलं की मागचंही जातं, असं सासूनं सांगितलं होतं. सण सोडले, देव सोडले, हे मात्र तिला सोडवलं नाही. लेकरं किती म्हटलं की एकच म्हणायचं. सगळं आयुष्य ती एकच म्हणत आली.

“तुमी इचारलं, पोर झालं तवा काय हुतं. पोर झालं म्हणलं की मला त्योच दिसतो. बोलून गेले. मंग तू लई खूश झालास, बाळा. तुझं तोंड बघून मी गप बसले. त्यो पेढा मी त्याचा म्हणून ठिवला.”

बाहेर पुण्याच्या रस्त्यावरून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकला खिडकीची काच वाजायची. मग त्यांनी अगदी हळू आवाजात, लहान पोरासारखं विचारलं, “मग मी कधी झालो, आये?”

मी इतकी वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर ऐकते आहे.

“तुझं न्हाई मला सांगता येत. तवा मी काईच ध्यानात ठेवत नव्हते. ठिवलं की जातं, असं वाटायचं मला.”

तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. थंडी हुती का ऊन हुतं, तेबी न्हाई रं, एवढं म्हणाली आणि तिला धाप लागली. दादांनी तिला पाणी पाजलं, उशा नीट केल्या. मला सोडायला रिक्षापर्यंत आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. चोरी सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. भावाचा दिवस नवा शर्ट घालून आपण साजरा केला, एवढंच म्हणाले.

ऑफिसात येऊन त्यांनी नमुन्याची ती नोंद उघडली. मला वाटलं, पुसतील. त्यांनी स्वतःचं नाव काढलं आणि तिथं ‘थोरला’ लिहिलं. नाव आईनं सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. तारीख तशीच ठेवली, आणि पुढचा ‘तात्पुरती’ शब्द बदलून ‘पक्की’ केला. कुठल्याच दप्तरात नसलेलं ते पोर आमच्या वेबवर पहिल्यांदा जन्माला आलं. खाली दादांची वेगळी नोंद केली. जन्मतारखेच्या जागी लायब्ररीनं नियमाप्रमाणं लिहिलं: माहीत नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. नवीन साल उजाडल्यावर काम सुरू झालं. काही वर्षं केंद्रांवरच्या नर्सा म्हाताऱ्या माणसांना सण, पाऊस, भूकंप विचारत राहिल्या आणि रांगा लांबत राहिल्या. मग इस्पितळानं बाहेरून आणलेली मोठी व्यवस्था घेतली, तिच्यात तारखेचा साधा रकाना होता. ‘खूण’ बंद झाली. कुणाला तिची आठवण असेल असं वाटत नाही.

मावशी मात्र जुनं साल संपायच्या आतच गेली. ऐन थंडीत, सकाळी, दादांनी आणलेला चहा हातात असताना. कार्य साधं झालं. वंदना झाली, भाऊबंद येऊन गेले. बांध आता तिसऱ्याच कुणाच्या मालकीचा होता आणि तिथं घरं झाली होती, तरी दादा एकदा जाऊन उभं राहून आले, असं मला कुणाकडून तरी कळलं.

मृत्यूची नोंद करायला त्यांच्याबरोबर मी गेले. जायला दुसरं कुणी नव्हतं. टेबलामागं एक मध्यमवयीन कारकून होता, मफलर गुंडाळलेला, माणूस वाईट नव्हता. त्यानं नाव विचारलं, पत्ता विचारला, आजार विचारला. दादा नीट उत्तरं देत होते. मग त्यानं मान खाली घालूनच विचारलं, जन्मतारीख?

दादा माझ्याकडं वळले.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. ती आमच्यापुढं त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. ‘खूण’ तिच्यासारख्या म्हाताऱ्या माणसांसाठीच तर घेतली होती इस्पितळानं. सगळे प्रश्न होते, सगळी पंचांगं होती, बोलायला तिच्यात जीव होता. आम्ही तिला पोर कधी झालं एवढंच विचारलं. ती कधी झाली, तिच्या आईनं तिला काही सांगितलं होतं का, तेव्हा रानात काय उभं होतं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता पुन्हा विचारायला कुणी नव्हतं.

“माहीत नसेल तर अंदाजे सांगा,” कारकून म्हणाला.

दादांनी घसा साफ केला.

“एक जून.”

“साल?”

“टाका तुम्हीच,” दादा म्हणाले.

त्यानं मनाशी काहीतरी मोजलं आणि टाकलं.